अक्षरांची रुजवात

छापखान्यातून आलेल्या ओल्या प्रुफावर लाल शाईने काने-मात्रे दुरुस्त करीत बसलेला मुद्रितशोधक मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. परंतु ज्या दस्तऐवजांना छापखान्याचे दर्शन कधीच घडत नाही, जे केवळ संगणकाच्या पडद्यावर वाचले जातात आणि ज्यांच्या भरवशावर जगभरचे कारभारी आपली संचित माहिती सांभाळतात, अशा दस्तऐवजांतील शुद्धलेखनाची चिंता वाहणारीही माणसे आहेत. साठवणीच्या यंत्रांचे जे 'ड्रायव्हर' असतात, त्यांच्या माहितीपत्रकांतील स्पेलिंगच्या चुका वेचून काढणे हे त्यांचे काम. हे काम क्षुद्र मानण्याची प्रथा आहे, आणि ती मला मान्य नाही.

ड्रायव्हर हा संगणकाच्या दरबारातील दुभाषी होय. 1956 साली आयबीएम कंपनीने चोवीस इंची पन्नास चकत्यांचे पहिले डिस्क-यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून तो आजच्या, एकही फिरता भाग नसलेल्या एनव्हीएमई साठवणीपर्यंत यंत्रांच्या कितीतरी पिढ्या झाल्या, आणि प्रत्येक पिढीची हुकूम घेण्याची बोली निराळी. मुख्य प्रणालीने 'हा मजकूर लिहून ठेव' एवढेच म्हणायचे, आणि समोरच्या यंत्राला कळेल अशा भाषेत त्याचा तर्जुमा ड्रायव्हरने करायचा. या दुभाष्याला कोणत्या सूचना देता येतात, त्या सूचनांची नेमकी नावे कोणती आणि काही न सांगितल्यास तो काय गृहीत धरतो, याचा तपशील माहितीपत्रकात असतो. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स ही जी मुख्य प्रणाली सुरू केली, तिची ही पत्रके मूळ प्रोग्रॅमच्याच दफ्तरात ठेवलेली असतात, आणि प्रोग्रॅममधील दुरुस्तीइतक्याच रीतसर मार्गाने त्यांच्यातही दुरुस्ती केली जाते.

आता चूक कोठे पडली यावर तिचे गांभीर्य अवलंबून असते. 'रिसीव्ह' या शब्दात 'आय' आणि 'ई' यांची उलटापालट झाली, तर वाचकाला क्षणभर ठेच लागते आणि तो पुढे जातो. परंतु तीच उलटापालट ड्रायव्हरला द्यावयाच्या एखाद्या सूचनेच्या नावात झाली, तर अनर्थ निराळाच होतो. पत्रकावर विश्वासून कारभाऱ्याने ते नाव जसेच्या तसे उतरवून घेतले, की लिनक्स ते नाव ओळखीत नाही. पण म्हणून ड्रायव्हर सुरू करण्याचे तो थांबवीत नाही. 'अनोळखी सूचना, दुर्लक्षिली' एवढा शेरा तो नोंदींच्या ढिगाऱ्यात टाकतो आणि पुढील कामाला लागतो. सूचना लागू झाली अशी खातरजमा मनाशी करून माणूस घरी जातो, आणि यंत्र मात्र जुन्याच रीतीने चालत राहते.

वारंवार घडणाऱ्या चुका पकडण्यासाठी लिनक्सच्या दफ्तरात एक जाबताच ठेवलेला आहे. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या 'लिंटियन' या तपासनीस प्रोग्रॅममधून मुळात घेतलेली आणि 2014 पासून येथे नांदणारी ही यादी अत्यंत साधी आहे: एका ओळीत प्रथम अशुद्ध रूप, मग दोन उभ्या रेघा, मग शुद्ध रूप. 'सेपरेट'मध्ये 'ए'च्या जागी पडलेला 'ई', 'लेंग्थ'च्या शेवटी 'टी-एच'ऐवजी लिहिलेले 'एच-टी', 'ऑकर्ड'मधला गळालेला एक 'आर', अशी हजाराहून अधिक रूपे तीत आहेत. ती चाळताना मला माणसाच्या बोटांचा इतिहासच वाचल्यासारखे वाटते. नवा मजकूर दाखल करण्यापूर्वी एक तपासनीस प्रोग्रॅम तो या यादीशी ताडून पाहतो.

तथापि, यादीला अर्थ कळत नाही. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर' हे चारही शब्द शुद्धच आहेत. त्यांतील चुकीचा कोणता, हे वाक्य समजून वाचणाऱ्यालाच सांगता येते. इंग्रजी पत्रकांतही हेच घडू शकते. लिनक्समध्ये डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीसंबंधी एक नोंद आहे. काही डिस्का मजकूर आधी या स्मृतीत घेतात आणि 'लिहिले' असा जबाब लगेच देतात; वीज गेली तर तो मजकूर नष्ट होईल, म्हणून प्रणाली त्यांना मधूनमधून 'आता पक्के लिही' असा हुकूम सोडते. ही स्मृती नाहीच, असे प्रणालीला सांगण्याची सोय त्या नोंदीत आहे. पण तेवढ्याने डिस्कचा स्वभाव बदलत नाही, केवळ प्रणालीची समजूत बदलते आणि पक्के लिहिण्याचे हुकूम बंद पडतात. म्हणूनच, असे करणे सुरक्षित नसण्याचा संभव आहे, असा इशारा पत्रकात दिलेला आहे. त्या इशाऱ्यातील इंग्रजी 'नॉट'च्या शेवटच्या 'टी'च्या जागी 'डब्ल्यू' पडला, तर 'नाही'चे 'आता' होईल, इशाऱ्याचे आश्वासन बनेल, आणि यादी चकार शब्द काढणार नाही. कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. अशी चूक ज्याला विषय कळतो आणि जो घाई करीत नाही, अशा वाचकाच्याच नजरेस पडते.

आणि अशा वाचकाला कोठे हात लावू नये हेही कळावे लागते. जोडलेली डिस्क सोडविण्याची आज्ञा 'अमाउंट' अशीच आहे. 'अनमाउंट' या इंग्रजी शब्दातील पहिला 'एन' तिच्यात नाही. नवी फाइल निर्माण करणाऱ्या युनिक्स प्रणालीच्या जुन्या आज्ञेत 'क्रिएट'चा शेवटचा 'ई' नाही. असंख्य प्रोग्रॅम याच रूपांनी त्यांना हाक मारतात. तेव्हा पत्रकात कोणी शुद्धतेच्या उत्साहाने तो 'एन' घातला, तर त्याने दुरुस्ती नव्हे, नवी चूक केली असे होईल. येथे शब्दकोशाला विचारायचे नसते. प्रोग्रॅममधील मूळ नाव समोर ठेवून रुजवात घालायची असते. उलट, जिच्यामुळे शोध घेताना शब्दच सापडणार नाही अशी चूक मात्र लहान असली तरी दुरुस्तीस पात्र ठरते, असा नियमच लिनक्सने एके काळी क्षुल्लक दुरुस्त्यांसाठी लिहून ठेवला होता. शोध घेणारा प्रोग्रॅम अक्षरास अक्षर जुळवितो. रात्री दोन वाजता बंद पडलेल्या डिस्कचा संदेश पत्रकात शोधणाऱ्या माणसाला एका अक्षराच्या फरकाने 'काही नाही' हे उत्तर मिळते.

दुरुस्तीचा मसुदा कसा असतो, हे पाहण्यासारखे आहे. वर एका ओळीत विषय. खाली, काय बदलले आणि का, याची दोन वाक्ये. मग उणे चिन्हाने आरंभ होणारी जुनी ओळ, तिच्याखाली अधिक चिन्हाची नवी ओळ, आणि दोहोंमध्ये फरक अवघ्या एका अक्षराचा. मजकुरावर पाठविणाऱ्याला आपल्या नावाची सही घालावी लागते. हा मसुदा देण्याचा मला अधिकार आहे, अशी ग्वाही तिच्यात असते. अनेक नवशिक्यांची लिनक्सच्या दफ्तरातली पहिली नोंद अशाच एका ओळीची असते. त्या विभागाचा जबाबदार माणूस ती वाचतो, मूळ प्रोग्रॅमशी ताडतो, खाली स्वतःचीही सही घालतो आणि दाखल करून घेतो. त्यानंतर त्या ओळीचा इतिहास कोणी उघडून पाहिला, तर सर्वांत वर त्या एका अक्षरासाठी थांबलेल्या माणसाचे नाव दिसते.