जुनी मोटार घेताना

घर पाहावे बांधून व लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यात ‘जुनी मोटार पाहावी घेऊन’ एवढी भर घालण्यास हरकत नाही, असे गेल्या उन्हाळ्यात आमचे मत झाले. पुण्यात आमचे बिऱ्हाड नऊ माणसांचे. मुलांची शाळा, वडील मंडळींचे डॉक्टर आणि मंडई एवढीच गाडीची नित्याची फेरी. मात्र वैशाखात रत्नागिरीकडील घरून आंब्याच्या पेट्या आणावयाच्या आणि गणपतीपूर्वी तिकडे सामान न्यावयाचे, असा मागे लहानसा ट्रेलर जोडून घाट उतरण्या-चढण्याचा प्रसंग वर्षातून दोनतीनदा येतो. थोरल्या बंधूंचा आग्रह दमदार एंजिनाचा; वहिनींचा प्रश्न एवढाच की, “ती घाटात थांबेल ना?” चार गाड्या पाहून झाल्यावर वहिनींचा प्रश्नच खरा, अशी आमची खात्री पटली.

ज्यांनी बैलगाडी हाकली त्यांस हे निराळे सांगावे लागत नसे. चढावर बैल दमतो खरा. पण उतारावर सगळे ओझे त्याच्या मानेवर चालून येते. मोटारीचेही तसेच आहे. वेग दुप्पट झाला की थांबविण्यास चौपट शक्ती खर्ची पडते, आणि ती सारी ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ते जुने झालेले असले तर तापल्यावर त्यात वाफ धरते आणि पायाखालची पट्टी पोकळ लागते. यास्तव गाडी घेताच हे तेल बदलावे, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

आता थोडे गणित. आमचा ट्रेलर रिकामा २५० किलोंचा. वीस-वीस किलोंच्या वीस पेट्या भरल्या की एकूण ६५० किलो. यांपैकी सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे ६५ किलो, जोडणीवर यावा. मागे अधिक भार भरला तर गाडी उलाळ होते, हे आपले शेतकरी पूर्वीपासून जाणतात. असा उलाळ ट्रेलर वेगात शेपटीसारखा हेलकावतो आणि पुढच्या मोटारीसही रस्त्याबाहेर ओढतो. शिवाय हे ६५ किलो मोटारीच्याच पाठीवर येतात. भरल्या गाडीच्या वजनाची मर्यादा कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेली असते; तीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा जाता जे उरते, त्यात माणसे, सामान आणि जोडणीवरचा भार हे सर्व बसले पाहिजे. एका सात आसनी गाडीत ही शिल्लक ५०० किलो निघाली. सात माणसांचे ४५५ आणि जोडणीचे ६५ मिळून होतात ५२०! सामानाची एक पिशवीही न ठेवता मर्यादा ओलांडली गेली. ज्या पुस्तिकेत ओढावयाच्या वजनाचा आकडाच नाही, अथवा ओढू नये असे स्पष्ट म्हटले आहे, ती गाडी कितीही देखणी असली तरी या कामापुरती वर्ज्य समजावी.

डिझेल एंजिन कमी फेऱ्यांत जोर देते, म्हणून ओढण्यास ते सोयीचे. परंतु १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जळून जाण्यास काही काळ सलग व वेगाने गाडी चालावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या घरी ही गाळणी तुंबते आणि खर्च अंगावर येतो. ज्यांचे ओढण्याचे काम हलके व क्वचित, त्यांस पेट्रोल बरे. ज्यांचा महामार्गावरचा प्रवास नित्याचा, त्यांनी डिझेल घ्यावे.

प्रत्यक्ष पाहणी सकाळी, एंजिन थंड असताना करावी. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर पुन्हा यावे. निळसर धूर म्हणजे एंजिन तेल जाळते. वरच्या गिअरमध्ये चढावर एंजिनाचा आवाज वाढून वेग वाढत नसेल, तर क्लच झिजला आहे. स्वयंचलित गिअरचे तेल काळवंडून जळका वास येत असेल, तर ती गाडी सोडून द्यावी. मागील बाजूस खाली वाकून जोडणीच्या जागची भोके, तडे व गंज पाहावा. टायरवरील चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ साली व चिपळूण-महाडकडे २०२१ साली पुरात बुडालेल्या मोटारींची आठवण ठेवून सतरंजीखालचा गाळ व आसनांच्या पट्ट्यांवरचा गंजही तपासावा. आपल्या विश्वासाचा मिस्त्री बरोबर नेण्यास संकोच करू नये. सोयरीक जुळविताना आपण चौकशी करतोच की!

कागदपत्रांची हयगय नको. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. विक्री त्याच राज्यातील असल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत ती परिवहन कार्यालयास कळवावयाची असते. कर्जाचा बोजा फिटल्याची नोंद पाहावी, विमा आपल्या नावे करून घ्यावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये ट्रेलरलाही नोंदणी लागते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून तो विकत घेण्यापूर्वीच कार्यालयात चौकशी करावी, आणि विमापत्रात त्याचा उल्लेख करून घ्यावा.

शेवटी आम्ही पोलादी चौकटीवर बांधलेली, मध्यम आकाराची, एकाच गृहस्थांच्या हाती चाललेली पेट्रोल गाडी घेतली. बंधूंनी आपला हट्ट सोडला व वहिनींनी एक नियम घातला: ट्रेलर जोडलेल्या दिवशी मोटारीत दोघेच बसावयाचे, बाकी मंडळींनी रेल्वेने जावयाचे. यंदा वैशाखात तो पाळला गेला. मुले पनवेलहून कोकण रेल्वेने बोगदे मोजीत रत्नागिरीस पोहोचली, आणि सायंकाळी मोटार अंगणात शिरली तेव्हा आजींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. वहिनींनी मात्र आधी ब्रेकची चौकशी केली.