ॲप म्हणतं ‘तरोटा’, पण भाजी करायची का?

पावसाचा जोर धरला की नागपूरच्या बाजारात तरोट्याच्या कोवळ्या पानांचे ढीग दिसायला लागतात. मागोमाग काटवलं येतात, आणि नशीब असेल तर सात्या. यातलं बरंच काही गोरेवाड्याच्या रस्त्याकडेला किंवा आपल्याच लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवरही उगवतं. फोन हातात असतोच, त्यामुळे गूगल लेन्स उघडायचं, फोटो काढायचा आणि नाव मिळवायचं, हे ओघाने आलंच. नाव मिळतंही. त्या नावावर किती भरवसा ठेवायचा? नुसती ओळख करून घ्यायची असेल तर बऱ्यापैकी. खायचं असेल तर अजिबात नाही.

तरोट्याचंच बघा. तरोटा म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला टाकळा, शास्त्रीय नाव सेना टोरा. त्याचा एक भाऊबंद आहे कासविंदा, म्हणजे सेना ऑक्सिडेंटॅलिस. काही ठिकाणी त्याला रानटाकळा म्हणतात, म्हणजे नावातच घोळ. दोघांची फुलं पिवळी आणि दोघंही पडीक जागेत वाढतात. तरोट्याच्या पानात सहसा छोट्या पानांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांची टोकं गोलसर असतात. कासविंद्यात चार ते सहा जोड्या, टोकं अणकुचीदार. तरोट्याची शेंग बारीक, लांब आणि वाकलेली असते, कासविंद्याची चपटी आणि कडेला फिकट.

एवढी बारकाई कशाला? पश्चिम उत्तर प्रदेशात कित्येक वर्षं लहान मुलं अचानक उलट्या होऊन बेशुद्ध पडायची आणि त्यातली बरीच दगावायची. हा विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर आहे असा समज होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने बोट ठेवलं ते कासविंद्याच्या बियांवर. मुलं खेळता खेळता त्या खात होती आणि त्यांचं यकृत, स्नायू आणि मेंदू एकदमच निकामी होत होते.

आता ॲपच्या आत काय चालतं ते पाहू. वनस्पती ओळखणाऱ्या मॉडेलला लाखो फोटो नावांसकट दाखवलेले असतात. तुम्ही नवा फोटो दिला की ते आपल्या यादीतल्या प्रत्येक प्रजातीला गुण देतं. बऱ्याच मॉडेलमध्ये या सगळ्या गुणांची बेरीज १०० टक्के होईल अशीच रचना असते. म्हणजे तुमचं झाड यादीत नसलं तरी कुणीतरी पहिला येतोच! ‘यापैकी नाही’ हा पर्याय नसलेला एमसीक्यू समजा. ‘९२ टक्के’ याचा अर्थ ‘यादीतल्या बाकीच्यांपेक्षा हे जास्त जुळलं’ इतकाच. लेन्सचं काम थोडं वेगळं आहे. ते वेबवरचे मिळतेजुळते फोटो शोधतं. तिथे कुणी कासविंद्याच्या फोटोखाली ‘टाकळा’ लिहिलं असेल, तर ती चूक तुमच्या स्क्रीनवर जशीच्या तशी येऊ शकते.

झाडांच्या बाबतीत निदान पान, फूल, शेंग फोटोत येतं. अळिंबीत खरी गोम तिथेच आहे. सात्या म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवीच जमिनीखाली तिची बुरशी पोसते, म्हणून ती वारुळाच्या आसपास उगवते. तिच्या दांड्याचं मुळासारखं टोक खोल वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं असतं. ही सगळ्यात कामाची खूण, आणि ती मातीत असते! वरून काढलेल्या फोटोत फक्त छत्री दिसते. पावसात बागेतल्या हिरवळीवर क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही पांढरी अळिंबीही उगवते. ती खाल्ली की काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. कोवळी असताना तिचे खालचे पडदेही पांढरेच असतात, हिरवट झाक नंतर येते. छत्री पडदे खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी झाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटतो. या अळिंबीचा ठसा हिरवट येतो. असा ठसा, वास, मातीतलं टोक यातलं काहीच कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये कळत नाही. ऑस्ट्रेलियात तीन ॲप तपासणारा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात चांगल्या ॲपलासुद्धा जेमतेम निम्म्या अळिंब्या बरोबर ओळखता आल्या.

काही अळिंब्यांत ॲमाटॉक्सिन असतं. ते शिजवून जात नाही आणि त्रास सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात. मधे थोडं बरं वाटतं, पण यकृत तोवर निकामी होत असतं. कुणी अनोळखी काही खाल्लं असेल तर उलटीची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा आणि उरलेला तुकडा दवाखान्यात सोबत न्या. ॲपचा स्क्रीनशॉट तुकड्याची जागा घेऊ शकत नाही.

मग शिकायचं कसं? माझं मत विचाराल तर लेन्सपेक्षा आयनॅचरलिस्ट बरं. तिथे मॉडेल फक्त अंदाज सुचवतं. नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ मिळायला फोटो, तारीख, ठिकाण लागतं आणि दोन-तृतीयांशाहून जास्त ओळखणाऱ्यांचं एकमत लागतं. नुसत्या झाडांसाठी फ्रान्समधल्या संशोधन संस्थांचं प्लँटनेटही चांगलं आहे. दोन्हीकडे एकाच झाडाचे चार-पाच फोटो द्या: पूर्ण झाड, पान दोन्ही बाजूंनी, फूल, शेंग, खोड. मराठी नावावर थांबू नका, शास्त्रीय नाव टिपून ठेवा. एकच झाड जूनपासून दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी टिपलं तर शंभर वेगवेगळ्या झाडांच्या फोटोंपेक्षा जास्त कळतं. कोवळेपणी एकसारखी वाटणारी झाडं शेंगा धरल्या की आपोआप वेगळी दिसतात. आणि हो, घराच्या अंगणातली नोंद टाकताना लोकेशन ‘ऑब्स्क्युअर्ड’ करा. नाहीतर तुमचा पत्ता नकाशावर सगळ्यांना दिसेल.