उजव्या मागच्या चाकासाठी

१९५९ साली अमेरिकेतली नॅशनल्स ही ड्रॅग रेसिंगची सर्वांत मोठी स्पर्धा डेट्रॉइटला भरली. तिथे उतरलेली एक गाडी कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी म्हणजे १९४९ ची प्लिमथ कूपे, सेल्समन लोक वापरायचे तसली. तिच्यात क्रायस्लरचं हेमी इंजिन बसवलं होतं, हवेच्या नळ्या बॉनेटच्या वर चढवल्या होत्या आणि एक्झॉस्टला कर्ण्यासारखी तोंडं होती. पण नजर अडकते ती तिच्या उंचीवर. गाडीची अख्खी बॉडी चाकांपासून इतकी वर उचलली होती की खालून पलीकडचं दिसावं. तिचं नाव ‘हाय अँड माइटी’. पूर आलेल्या नदीतून न्यायला बनवल्यासारखी दिसणारी ही गाडी रेसिंगसाठी होती.

ती बनवणारे वेडे नव्हते. ‘रॅमचार्जर्स’ हा क्रायस्लरमध्येच नोकरी करणाऱ्या इंजिनिअरांचा क्लब होता. ऑफिस सुटल्यावर ही मंडळी आपलं ज्ञान पाव मैलाच्या सरळ रस्त्यावर पणाला लावायची. पुढे ज्यांच्या नावाशी ४२६ हेमी इंजिन कायमचं जोडलं गेलं, ते टॉम हूव्हर याच क्लबातले. त्यांनी गाडी उंच केली त्यामागे एक साधा हिशोब होता. गाडी सुटताना वजन मागे सरकतं. किती सरकतं, ते वजन, वेग घेण्याचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला दोन ॲक्सलमधल्या अंतराने भागलं की कळतं. त्या काळचे टायर अरुंद आणि पकड बेताची. मागच्या चाकांवर जास्त वजन यायला हवं, तर गुरुत्वमध्य वर न्या. इतकं स्वच्छ उत्तर इतक्या निर्भीडपणे लोखंडात उतरवलेलं क्वचित पाहायला मिळतं.

मग पंधरा वर्षांत त्याच खेळातल्या गाड्या रस्त्याला जवळजवळ टेकल्या. असं का झालं, हे शोधताना मी आजच्या खाली बसवलेल्या मसल कारपर्यंत येऊन पोहोचलो.

मधल्या काळात एक भांडण झालं. १९६५ साली क्रायस्लरने काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांचे ॲक्सलच सरकवले. मागचा १५ इंच पुढे आणला, पुढचा १० इंच पुढे. बॉडीचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केला. हेतू तोच, वजन मागच्या चाकांवर यावं. एनएचआरए या मुख्य संघटनेने या गाड्यांना कंपनीच्या गाड्यांच्या वर्गात घ्यायला नकार दिला. प्रतिस्पर्धी एएचआरएने त्यांना जागा दिली. चाकं भलत्याच जागी असलेल्या या गाड्यांना लोक ‘फनी कार’ म्हणू लागले आणि पुढे त्या नावाचा स्वतंत्र वर्गच उभा राहिला. नियमांच्या बाजूने बोलायचं तर एनएचआरएचं चुकलं नाही. शोरूममध्ये मिळणाऱ्या गाड्या म्हणून त्यांच्याकडे पाहणं अशक्य होतं. तरी माझं मन क्रायस्लरवाल्यांकडेच झुकतं. उंची न वाढवता वजन मागे नेण्याची वाट त्यांनी दाखवली.

खरा फरक टायरने घडवला. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात मऊ, सुटताना सुरकुतणाऱ्या बाजूंचे रुंद स्लिक टायर आले. पकड वाढत गेली तशी पुढची चाकं हवेत जाऊ लागली. पुढची चाकं सुटली म्हणजे सगळं वजन मागे आलंच. त्यापुढे उंचीचा काही उपयोग नाही, उलट ती गाडी पालथी घालायला बघते. मग शहाणपण उलटं झालं. पेनसिल्व्हेनियातल्या माल्व्हर्नचे बिल ‘ग्रम्पी’ जेंकिन्स हे ज्यांनी आधी ओळखलं अशा मोजक्यांपैकी. कॉर्नेल विद्यापीठातलं मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण वडिलांच्या निधनानंतर त्यांनी अर्धवट सोडलं होतं. १९७२ साली छोट्या शेवरले व्हेगात लहान व्ही-८ इंजिन घालून त्यांनी प्रो स्टॉक वर्गात मोठ्या हेमींना नमवलं. १९७४ च्या ‘ग्रम्पीज टॉय ११’ मध्ये तर नळ्यांची चॅसी, पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि ड्राय सम्प. ड्राय सम्पमुळे इंजिनखालची तेलाची खोल टाकी गेली आणि इंजिन खाली बसवता आलं.

आज अमेरिकेत जुनी शेवेल किंवा कॅमारो दोन इंच खाली बसवून ती वळणावरही पळवायची आणि ड्रॅग स्ट्रिपवरही, अशी हौस असणारे पुष्कळ आहेत. सुटताना गाडी उड्या मारू लागली की दोष खालावलेल्या उंचीला जातो: वजन मागे सरकत नाही म्हणे. हिशोब करून पाहा. गाडी १,६०० किलोची, ॲक्सलमधलं अंतर १०८ इंच आणि गुरुत्वमध्य २१ इंचांवर धरला, तर गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने सुटताना सुमारे ३११ किलो मागे सरकतात. तीच गाडी दोन इंच खाली घेतली की यातले फक्त तीसेक किलो कमी होतात. तीस किलोंनी गाडी उड्या मारत नाही. उड्या मारते ती बिघडलेल्या कोनांमुळे.

१९६४ ते १९७२ च्या शेवेलमध्ये मागचा ॲक्सल चार आर्मवर धरलेला असतो. चाकाचा ढकलण्याचा जोर खालच्या आर्ममधून बॉडीला मिळतो. आर्म पुढे वर चढत गेलेला असेल तर तो ढकलताना बॉडीला उचलतो आणि टायरला रस्त्यात दाबतो. बॉडी दोन इंच खाली आली, पण ॲक्सल टायरच्या उंचीवर होता तिथेच राहिला. आता आर्मचं पुढचं टोक मागच्यापेक्षा खाली गेलं. तोच जोर बॉडीला खाली खेचतो, टायर हलका पडतो, घसरतो, पुन्हा धरतो, पुन्हा घसरतो. उपाय स्वस्त आहे. ॲक्सलवर जादा ब्रॅकेट वेल्ड करून खालच्या आर्मचं मागचं भोक खाली न्यायचं. हजारो डॉलरची स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर घेणारे लोक हे ब्रॅकेट मात्र विसरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मागे आर्मऐवजी पाट्यांच्या स्प्रिंग (लीफ स्प्रिंग) असतील तर गाडी खाली घ्यायची सोपी युक्ती म्हणजे पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालायचा. पण सुटताना ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनचं नाक वर उठायला बघतं आणि पाटा पिळवटतो. ठोकळ्यामुळे ॲक्सलला पाट्यावर जास्त लांबीची तरफ मिळते आणि पिळवट आणखी वाढते.

मग गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट. त्याच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाचा झटका दुसरा पुसून टाकतो. बंदिस्त, धूळ न शिरणारा असा मोटारीचा जॉइंट क्लॅरेन्स स्पायसर यांनी कॉर्नेलमध्ये शिकतानाच बेतला, १९०३ साली त्याचं पेटंट मिळालं. जेंकिन्स यांच्या आधी अर्धशतक, त्याच विद्यापीठात. स्पायसर यांचीच कंपनी पुढे ‘डेना’ झाली, आणि हेमीसोबत येणारा दणकट डेना ६० ॲक्सल तिचाच. पुणे-सातारा पट्ट्यात शाफ्ट आणि ॲक्सल बनवणारी, पूर्वी स्पायसर इंडिया नावाची कंपनी याच घराण्यातली. गाडी खाली आली की गिअरबॉक्सची शेपटी ॲक्सलच्या रेषेजवळ येते आणि कारखान्याने साधलेली कोनांची जुळणी मोडते. त्यात पिनियनचं नाक उठणारच हे धरून ते उभ्या गाडीत मुद्दाम खाली झुकवावं लागतं: नुसते पाटे असतील तर पाच ते सात अंश, लिंकने घट्ट धरलेल्या ॲक्सलला दोन-तीन. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुतून गाडी उलथू शकते. म्हणून एनएचआरएच्या नियमात त्या जॉइंटपासून सहा इंचांच्या आत पोलादी कडं मागितलं आहे.

आणि आता ते उजवं चाक. मागून पाहिलं तर शाफ्ट घड्याळाच्या उलट फिरतो आणि पिनियनमधून ॲक्सलच्या हाउसिंगलाही त्याच दिशेने पिळतो. डावं मागचं चाक रस्त्यात दाबलं जातं, उजवं उचललं जातं. बॉडी उलट दिशेने कलते आणि स्प्रिंगमधून हे अंशतः भरून काढते. अंशतःच, कारण तिचा काही जोर पुढच्या स्प्रिंग खाऊन टाकतात. म्हणून ड्रॅगवाले पुढचा अँटी-रोल बार सोडून ठेवतात आणि मागे जाड बार घालतात. खाली बसवलेल्या गाडीत वळणांसाठी नेमकं उलटं केलेलं असतं: पुढे जाडजूड बार. उजवं चाक हलकं पडण्याचं हे मोठं कारण, आणि गॅरेजमध्ये त्याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जातं.

क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी यावर शोधलेला उपाय मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांचे सुपर स्टॉक पाटे डावे-उजवे वेगळे असत. ॲक्सलच्या पुढचा भाग आखूड आणि क्लॅम्पने घट्ट बांधलेला, म्हणजे तो पिनियनला धरून ठेवणाऱ्या दांड्याचं काम करतो. मागचा भाग लांब आणि मोकळा, म्हणजे तो स्प्रिंगच राहतो. उजव्याला बाक जास्त. म्हणून उभी असताना गाडी मागून उजवीकडे उचललेली, वाकडी दिसते. हिरवा दिवा लागतो, शाफ्ट पिळतो आणि सुटण्याच्या त्या क्षणी गाडी सरळ होते. जुन्या मोपार, म्हणजे क्रायस्लरच्या, गाड्या हौसेने विकत घेणारे कित्येक जण हा वाकडेपणा दोष समजून दोन्हीकडे सारखे पाटे टाकतात किंवा एका बाजूला ठोकळा घालून गाडी ‘सरळ’ करतात. मग सुटताना गाडी वाकडी होते.

पाट्यांचं युग संपलं असं मानणाऱ्यांनी जॉन कॅल्व्हर्ट यांची १९६८ ची कोब्रा जेट मस्टँग पाहावी. त्यांनी बनवलेल्या कॅलट्रॅक्स जोडणीत पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळ एक त्रिकोणी पट्टी असते आणि ॲक्सलपासून तिच्यापर्यंत एक दांडा जातो. पिनियन उठायला लागलं की दांडा पट्टीला पुढे ढकलतो आणि पट्टी पाट्याच्या पुढच्या भागावर वरून दाब देते. दोन्ही बाजूंच्या दांड्यांची लांबी वेगवेगळी ठेवता येते. उजवीकडे थोडा जादा ताण भरून ठेवायचा असेल तर पाना घेऊन दांड्याची लांबी थोडी बदलायची. सुपर स्टॉक वर्गात कॅल्व्हर्ट यांची मस्टँग मागे साध्या पाट्यांवर पुढची दोन्ही चाकं एकदम, एकाच पातळीत उचलून सुटते.