रोमा, बंजारा आणि मिठाची वाट

दरवर्षी ८ एप्रिल हा दिवस जगभरातील रोमा समाज आपला दिवस म्हणून साजरा करतो. या दिवशी ठिकठिकाणी रोमा लोक नदीकाठी जमून प्रवाहात फुले सोडतात आणि आपला ध्वज उभारतात. त्या ध्वजाचा वरचा अर्धा भाग आकाशाचा निळा व खालचा अर्धा धरतीचा हिरवा असून मध्यभागी सोळा आऱ्यांचे तांबडे चक्र आहे. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेने हा ध्वज स्वीकारला. ते चाक त्यांच्या गाड्यांचे आहे, तसेच ते भारतातील मूळभूमीची खूणही आहे. अशोकचक्राच्या चोवीस आऱ्या रोज पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यामुळे साहजिकच प्रश्न पडतो : हे दूरचे लोक आपले कोण लागतात?

या प्रश्नाचे सर्वांत भरवशाचे उत्तर भाषेने दिले आहे. रोमा लोकांनी आपल्या प्रवासाची बखर लिहून ठेवली नाही. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील अभ्यासकांनी त्यांची बोली तपासली, तेव्हा ती भारतीय आर्यभाषांच्या कुळातील असल्याचे ध्यानात आले. पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मनुष’, काळ्याला ‘कालो’ आणि मिठाला ‘लोन’ हे त्यांचे शब्द मराठी माणसाला कोशाशिवाय कळतात. सात, आठ, नऊ हे अंक मात्र त्यांनी ग्रीक भाषेतून घेतले. वाटेसाठी असलेला ‘द्रोम’ हा शब्दही ग्रीकच. घोड्यासाठीचा शब्द आर्मेनियन भाषेतून आला, तर आणखी काही शब्द फारसीतून. सुमारे हजार वर्षांपूर्वी हे लोक भारत सोडून इराण, आर्मेनिया आणि ग्रीक प्रदेश यांमधून युरोपात गेले, हे या शब्दांच्या क्रमावरून समजते. आज युरोपात त्यांची संख्या १ कोटी ते १ कोटी २० लाखांच्या दरम्यान मानली जाते.

‘रोम’ या शब्दाचा संबंध भाषाशास्त्रज्ञ भारतीय ‘डोम’ या शब्दाशी लावतात. पश्चिम आशियातील त्यांच्यासारखाच एक समाज स्वतःला आजही ‘दोम’ म्हणवतो. भारतात जे नाव जातीच्या उतरंडीत तळाशी ढकलले गेले, त्याच नावाला परदेशी गेलेल्यांनी ‘माणूस’ असा अर्थ दिला आणि ते अभिमानाने मिरवले. नावाला चिकटलेली हीनता ही त्या नावाची नसते, ती चिकटवणाऱ्या समाजाची असते, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रात रोमांची आठवण करून देणारा समाज म्हणजे बंजारा, अर्थात लमाण. रोमा हे बंजाऱ्यांचेच वंशज होत, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण दोघांच्या बोली एका मोठ्या भाषाकुळातील आहेत, यापलीकडे एवढे थेट नाते सिद्ध झालेले नाही. साम्य आहे ते जीवनपद्धतीत आणि वाट्याला आलेल्या इतिहासात. रोमा स्वतःला ‘रोम’ आणि बाहेरच्याला ‘गाजो’ म्हणतात. बंजारा स्वतःला ‘गोर’ आणि बाहेरच्याला ‘कोर’ म्हणतात. तांड्याचा नायक आणि कारभारी, आरशांची व नाण्यांची भरतकाम केलेली फेटिया-कांचळी, श्रावणात कुमारिकांनी टोपल्यांत गहू रुजवून साजरी करायची तीज, होळीची लेंगी गीते, वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला लोटणारा समुदाय आणि १५ फेब्रुवारीची त्यांची जयंती, हा त्यांचा वारसा होय. त्यांच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते.

या समाजाचा आपल्या किनारपट्टीशी संबंध आहे तो मिठामुळे. ‘लमाण’ हे नाव ‘लवण’ या शब्दावरून आले, असे मत प्रचलित आहे. रोमांच्या बोलीतील ‘लोन’ही त्याच ‘लवण’पासून आले आणि आपल्या ‘लोणच्या’तही तोच शब्द मुरलेला आहे. पेण, उरण परिसरातील आगरांत पिकलेले मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाट चढायचे आणि देशावरील धान्य घेऊन खाली उतरायचे, हा तांड्यांचा व्यवसाय होता. घाटावरून किनाऱ्याकडे येणारी वाट तर त्याहूनही जुनी. आपल्या तळ्याजवळच्या कुडा लेण्यांतील दानलेखांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे नाव कोरलेले आहे. वाटेवरच्या माणसांनी आणि त्यांच्या दानाने ही लेणी उभी राहिली, हे आपण विसरता कामा नये.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि बैलांच्या तांड्यांचे काम हळूहळू सरले. व्यवसाय गेलेल्या फिरत्या माणसाकडे सरकार संशयाने पाहू लागले. १८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरवले. १९११ पासून तो संपूर्ण ब्रिटिश भारतात लागू करता येऊ लागला. नोंदल्या गेलेल्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या आत वसाहती उभ्या राहिल्या. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून ‘सुधारण्यासाठी’ वेगळे ठेवण्याची मुभा सरकारला दिली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या जमातींचा उल्लेख अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या बरोबरीने केला आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला. अखेर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणूनच भटके-विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो.

युरोपात रोमांचे भोग याहून भयंकर होते. आजच्या रुमानियाच्या प्रदेशात ते शतकानुशतके गुलाम होते. तेथील गुलामगिरी १८५६ साली संपली. नाझी राजवटीत लाखो रोमांची हत्या झाली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑश्विट्झ-बिर्केनाऊ येथील रोमांच्या छावणीत उरलेली सुमारे चार हजार तीनशे माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध, विषारी वायूने मारण्यात आली. पुढच्या काळातही त्यांची मुले मतिमंदांच्या शाळांत घातली जात. चेक देशातील ओस्ट्रावा शहरातल्या अठरा रोमा मुलांनी याविरुद्ध दाद मागितली आणि २००७ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला.

या इतिहासातून निवासी शाळेने घ्यायचा धडा आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मुलाला घरापासून दूर ठेवून शिकवणे ही गोष्ट दोन प्रकारे होऊ शकते. एका प्रकारात त्याच्या घरालाच रोग मानले जाते आणि भाषा, पोशाख, आईची गाणी पुसून त्याला ‘सुधारले’ जाते. दुसऱ्या प्रकारात घराची गरिबी शिक्षणाच्या आड येऊ नये म्हणून त्याला छप्पर, जेवण आणि पुस्तक दिले जाते, आणि सुटीत तो परत जातो तेव्हा त्याला आपल्या माणसांची लाज वाटत नाही. पहिला प्रकार १८९७ चा आहे. दुसरा आपला असला पाहिजे. गोरबोलीत बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी यावी, तिच्या आधाराने पुढे इंग्रजीही यावी, पण गोरबोली जाऊ नये.

अडचण केवळ भाषेची नाही. महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा राज्यातील वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांनी पालात जन्म घेतला आणि पालातच देह ठेवला, त्यांनी सातबारा किंवा शाळेचा दाखला कोठून आणावा? बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो; राज्याची सीमा ओलांडताच माणूस तोच राहतो, त्याचा हक्क बदलतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमचे दोन बाबतींत आवाहन आहे. आपल्या परिसरात वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर पाल टाकून राहणारे कुटुंब दिसले, तर त्यांच्या मुलाचा जन्मदाखला आणि शाळेतील नोंद वेळेवर होईल, एवढे पाहावे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एक ओळ उद्या त्याच्या नातवाचा पुरावा होईल. आणि ज्यांच्या घरी गोरबोली, कैकाडी, वडारी किंवा पारधी बोली अजून बोलली जाते, त्यांनी आजी-आजोबांकडून त्या बोलीतील शंभर शब्द वहीत उतरवून घ्यावेत. हजार वर्षे आणि हजारो कोसांनंतर रोमांना आपले मूळ सापडले ते पाणी, कान, मीठ अशा घरगुती शब्दांमुळेच.