पावसाळ्यानंतरची विरळ हिरवळ

दीपनगरच्या आमच्या क्वार्टरमागे दहा बाय बारा फुटांची हिरवळ आहे. असरनंतर अब्बा तिच्यावर अनवाणी फिरतात. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यावर त्यांना आता वाहनांची भीती वाटते. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरला तेव्हा ही हिरवळ जागोजागी टकली झाली होती. काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजली होती, उरलेली मुलांच्या क्रिकेटने संपवली.

दुबईतल्या दिरांनी फोनवर सांगितले, "भाभी, इकडे ऑक्टोबरात जुन्या गवतावरच राय गवताचे बी फेकतात. बघता बघता सगळे हिरवे." खोटे काहीच नव्हते. तिथल्या गोल्फच्या मैदानांवर असेच करतात. आम्हीही पाकीट आणले. डिसेंबरात शेजारणी कौतुकाने बघून जायच्या. पण राय हे थंड हवेचे गवत. मार्च उलटला तसे ते पिवळे पडले आणि एप्रिलच्या उन्हात जळून गेले. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या दाट वाढीखाली आमची मूळची हरळी दबून अशक्त झाली होती. जूनपर्यंत अब्बांच्या पायाखाली नुसती तापलेली माती.

भुसावळकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. तो सोसणारे गवत म्हणजे आपली हरळीच. हे अब्बांना आधीच ठाऊक होते. रावेरकडच्या केळीच्या बागेत त्यांनी आयुष्यभर हरळी खणून फेकली आहे. सून तीच बाजारातून विकत आणते, याचे त्यांना अजून हसू येते.

आता वेळेचे सांगते, कारण खरी चूक तिथेच होते. हरळीचे बी उगवायला जमीन उबदार लागते. थंडी पडली की ती वाढायचीच थांबते. म्हणून सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य, एवढीच सोयीची मुदत. दिवाळीची साफसफाई बघून नोव्हेंबरात बी टाकाल, तर ते बहुधा मातीतच राहील.

आधी जुने गवत नेहमीपेक्षा खाली कापा. दाताळ्याने खरवडून वाळलेला थर काढा, माती दिसली पाहिजे. बी मातीला टेकले नाही तर ते पक्ष्यांसाठीच टाकले म्हणायचे. घट्ट जागी खुरप्याने भोके पाडा. आमच्याएवढ्या जागेला ६० ग्रॅम बी पुरते. ते फार बारीक असते, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून अर्धे उभे आणि अर्धे आडवे फेका. वर चाळलेले कुजके शेणखत अगदी पातळ पसरा आणि फळीने दाबा. बी खोल गाडू नका.

बी न आणताही काम होते. कडेच्या दाट हरळीच्या दोन-तीन डोळे असलेल्या काड्या तोडा आणि टकल्या जागी चार-चार बोटांवर टोचा. एक डोळा मातीखाली राहू द्या. गेल्या वर्षी आम्ही अर्ध्या जागेत हेच केले. बियाण्याच्या अर्ध्यापेक्षा ती बाजू आधी भरली.

पुढचे दोन-तीन आठवडे पाण्याचे. ऑक्टोबरच्या उन्हात वरची माती दुपारपर्यंत सुकते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा झारीने हलका शिडकावा हवा. पाइपची धार सोडली तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते. आम्ही वुजूचे पाणी नळाखाली टब ठेवून धरतो. त्यात साबण नसतो, त्यामुळे गवताला चालते. घरात पाच माणसे असली की झाऱ्या सहज भरतात. कोंब तीन बोटे उंच झाल्यावर पाणी रोजचे थांबवून दोन-तीन दिवसांनी, पण भरपूर द्या, म्हणजे मुळे खाली जातात. तोवर मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. (हे सांगणे सोपे आहे.)

एक कोपरा मात्र आम्ही सोडून दिला. कडुनिंबाखाली हरळी येत नाही, तिला दिवसाचे निदान सहा तास ऊन लागते. तिथे दोनदा बी वाया घालवले, मग फरशी टाकली. अब्बांची खुर्ची आता तिथे असते. चालून दमले की ते तिथेच बसतात आणि हिरवळीत पाय ठेवणाऱ्या नातवंडांवर ओरडतात.