सांब भोळा नव्हता

2002 साली आमच्या डीटीपीच्या खोलीत तीन एक्सपी आणि कोपऱ्यात एक लिनक्स होतं. सगळ्यांचं सामाईक फोल्डर त्या लिनक्सवर. एकच अट होती, फाइलला मराठी नाव द्यायचं नाही. ‘मुखपृष्ठ’ लिहायला जावं तर प्रश्नचिन्हांची रांग लागायची. मग रोमन लिपीत नावं. त्यात कुणी एच दोनदा लावायचा, कुणी मुळीच नाही, आणि अंक छपाईला जायच्या रात्री शोधाशोध.

हे फोल्डर दोन्हीकडून उघडायचं ते सांबा नावाच्या प्रोग्राममुळे. 1991 च्या अखेरीला कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला आपल्या डॉसच्या पीसीवरून युनिक्सवरच्या फाइली हव्या होत्या. पीसीवर डीईसी कंपनीचं पाथवर्क्स होतं, पण त्याची भाषा कळायला कागदपत्रं नव्हती. त्यानं तारेवरून जाणारी पॅकेटं टिपली. पीसी काय विचारतो, सर्व्हर काय उत्तर देतो, हे बघत बघत तशीच उत्तरं देणारा प्रोग्राम लिहिला आणि जानेवारी 1992 मध्ये वाटूनही टाकला. मायक्रोसॉफ्टची यंत्रंही हीच भाषा बोलतात, हे त्याला कळलं ते पुढे, बायकोचा पीसी आपल्या लिनक्सला जोडायला घेतला तेव्हा.

त्या भाषेचं नाव एसएमबी, मूळ आयबीएमचं. प्रोग्रामचं आधीचं नाव दुसऱ्या कंपनीचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून ट्रिजेलनं शब्दसूचीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमानं येणारे शब्द शोधले. त्यात ‘सांबा’ सापडला. आमच्या ऑपरेटरनं त्याचा लगेच ‘सांबसदाशिव’ केला.

सप्टेंबर 2003 मध्ये 3.0 आलं, युनिकोड घेऊन. माझ्या लेखी सांबाची सगळ्यात मोठी आवृत्ती हीच. डोमेन कंट्रोलर वगैरे 2012 च्या 4.0 चं कौतुक जाणकारांनी करावं. 3.0 घातल्यावर ‘मुखपृष्ठ’ तिन्ही पडद्यांवर ‘मुखपृष्ठ’ दिसलं.

मायक्रोसॉफ्टच्या या भाषेच्या कागदपत्रांचं भांडण तिकडे युरोपात चालूच होतं. मार्च 2004 मध्ये युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टला 49.7 कोटी युरो दंड ठोकला आणि ही माहिती इतरांना द्यायला सांगितलं. न्यायालयानं ते 2007 च्या सप्टेंबरात उचलून धरलं. डिसेंबरात 10,000 युरो भरून सांबावाल्यांच्या हाती अधिकृत कागद आले. तोवर सोळा वर्षं निव्वळ कान देऊन काम चाललं होतं.

मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला. त्या वर्षअखेरीला आम्ही घेतलेल्या लॅपटॉपच्या विंडोज 10 मध्ये ती आवृत्ती नव्हतीच, आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला दुसरी येत नव्हती. दोन दिवस फोल्डर बंद. शेवटी लिनक्स नवं घातलं, सांबा नवा घातला. फोल्डर उघडलं, तर सगळ्यात तळाशी 2002 चं मुखपृष्ठ पडलेलं, तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांत.