डॉक्टरेटनंतरची उमेदवारी

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी पीएच.डी. किंवा साय.डी. ही पदवी लागते. तिच्यात पाच-सहा वर्षे सहज जातात, आणि त्यातले एक अख्खे वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचे असते. नावाआधी ‘डॉक्टर’ लागले, तरी अनेक राज्यांत स्वतंत्रपणे रुग्ण पाहण्याचा परवाना लगेच मिळत नाही. मधली एक-दोन वर्षे अनुभवी मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. या उमेदवारीचा सर्वांत शिस्तशीर प्रकार म्हणजे पोस्टडॉक्टरल फेलोशिप.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक जखमांवर उपचार करायला पुरेसे तज्ज्ञ नव्हते. म्हणून 1946 मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी मानसशास्त्रज्ञ घडवायला सुरुवात केली. आजही या कामात त्यांचाच वाटा सर्वांत मोठा आहे. 1949 साली कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे भरलेल्या परिषदेने या व्यवसायाचे सूत्र ठरवले: मानसशास्त्रज्ञाला संशोधन आणि उपचार दोन्ही आले पाहिजेत. पुढे ज्ञानशाखा इतक्या वाढल्या, की एका पदवीत सगळे मावेना. लहान मुलांचे आजार, कर्करोगाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांचे मानसिक आरोग्य, आघातानंतरचे विकार यांचे खास शिक्षण फेलोशिपकडे आले.

यातली सर्वांत काटेकोर वाट मेंदू आणि वर्तन यांचा संबंध तपासणाऱ्या न्यूरोसायकॉलॉजीची. 1997 च्या ह्यूस्टन परिषदेने तिच्यासाठी दोन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे अशीच फेलोशिप, ठरवली. इतका वेळ का लागतो, ते एका नेहमीच्या उदाहरणावरून कळते. सत्तरीतले गृहस्थ विसरायला लागले म्हणून घरचे त्यांना घेऊन येतात. फेलो त्यांना शब्दांची यादी वाचून दाखवतो आणि थोड्या वेळाने विचारतो. त्यांना जेमतेम दोन-तीन शब्द आठवतात. नवशिक्या हात इथेच ‘स्मरणशक्ती क्षीण’ असे लिहून मोकळा होईल. पण पर्याय समोर ठेवून ‘हा शब्द यादीत होता का?’ असे विचारल्यावर त्यांनी बहुतेक शब्द ओळखले, तर चित्र बदलते. शब्द मनात साठलेले आहेत, ते हुडकून बाहेर काढणे जड जाते आहे. अल्झायमरमध्ये बहुधा साठवणच ढासळते. हुडकण्याची अडचण नैराश्यात किंवा मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आजारातही दिसते. झोप कशी आहे, औषधे कोणती चालू आहेत, ऐकू नीट येते का, हे प्रश्न अजून बाकीच असतात. मुलाकडे न्यू जर्सीला राहायला गेलेल्या मराठी आजोबांची तपासणी इंग्रजीतून झाली, तर कमी गुण आजाराचे की भाषेचे, हेही ठरवावे लागते. यादीचा मराठी अनुवाद करूनही भागत नाही, कारण गुणांची तुलना ज्या लोकांशी करायची ते वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या शाळांत शिकलेले असतात.

हे शहाणपण पुस्तकातून येत नाही. ते सुपरव्हिजनच्या तासाला येते. मान्यताप्राप्त फेलोशिपमध्ये आठवड्याला किमान दोन तास परवानाधारक मानसशास्त्रज्ञ एकट्या फेलोसोबत बसतो. दोघे मिळून रुग्णाच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण ऐकतात, अहवालातले एकेक वाक्य तपासतात. रुग्ण रडू लागताच फेलोने घाईने विषय का बदलला, असा प्रश्न इथे विचारला जातो. तो अवघड असतो, पण एरवी तो कुणीच विचारत नाही. या शिक्षणाचा खरा गाभा हाच. अहवालावर अखेर सुपरव्हायझरचीही सही असते, म्हणजे जबाबदारी त्याच्याही डोक्यावर असते.

फेलोशिपसाठी अर्ज आणि मुलाखती साधारण हिवाळ्यात होतात आणि काम उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होते. मानधन मिळते, पण ते कायम नोकरीतल्या मानसशास्त्रज्ञाच्या पगारापेक्षा बरेच कमी असते. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असताना केवळ एका वर्षासाठी गाव बदलायचे, भाड्याचे घर शोधायचे, जोडीदाराची नोकरी सोडवायची, हा भार लहान नाही. ज्यांना घरचा आधार नाही, ते याच टप्प्यावर मागे पडतात, आणि हे नुकसान रुग्णांचेही आहे.

परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात देखरेखीखालचे 3000 तास लागतात. त्यातले निदान 1500 पदवीनंतरचे असावे लागतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2006 मध्ये, पदवीआधीचा पुरेसा अनुभवही परवान्यासाठी धरावा, अशी भूमिका घेतली आणि काही राज्यांनी नियम सैल केले. 225 प्रश्नांची परीक्षा मात्र चुकत नाही. त्यातल्या 175 प्रश्नांचेच गुण धरले जातात, उरलेले पुढच्या परीक्षांसाठी पारखले जातात.

भारतात हीच देखरेखीखालची उमेदवारी डॉक्टरेटनंतर नव्हे, तर आधी आली. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या दोन वर्षांच्या एम.फिल.मध्ये विद्यार्थी रुग्णालयातच शिकत आला, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येत या शिक्षणाला स्थान दिले. अमेरिकेत मात्र एम.फिल. ही डॉक्टरेट धरली जात नाही. त्यामुळे इथे वर्षानुवर्षे रुग्ण पाहिलेल्यांनाही तिथे मानसशास्त्रज्ञाचा परवाना हवा असेल, तर बहुतेक राज्यांत आधी डॉक्टरेट करावी लागते.